शहाणी सुई आणि उष्टी हळद

शरयू चौगुलेच्या नाकाबद्दल तिच्या साखरपुड्यापर्यंत कुणी चकार शब्द काढला नव्हता. ते आपलं बेताचं नाक होतं. थोडं बसकं, शेंड्याला गोल, सर्दी झाली की लालबुंद होणारं आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. विषय काढला तो नवऱ्या मुलाच्या मालूआत्यांनी, आणि तोही भर पंगतीत.

"पोरगी लई गुणाची," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. "नाक तेवढं बसकं बघा. सरनाईकांची नथ ही एवढी. ती पेलायला नाक नको होय?"

मालूआत्यांचं कुजबुजणंसुद्धा दोन पंगती पलीकडे ऐकू जायचं. शरयूनं ते ऐकलं, हातातला जिलबीचा तुकडा पानात ठेवला आणि हसून वेळ मारून नेली.

तशी शरयू असल्या बोलण्यानं खचणारी नव्हती. जयसिंगपूरच्या एका दूध संघात ती गुणवत्ता विभागात होती. तिनं हो म्हटल्याशिवाय टँकर रिकामा होत नसे, आणि मिशीला पीळ देत आलेले ड्रायव्हर "मॅडम, एवढा टँकर घ्या की" म्हणून गयावया करत. पण नाकाची गोष्ट वेगळी, ते चेहऱ्याच्या अगदी मधोमध असतं. कुणी एकदा बोट दाखवलं की आरशात दुसरं काही दिसेनासं होतं.

त्यातून होणारी सासू याच विषयातली मोठी डॉक्टर, हा आणखी पेच. डॉ. नीलांबरी सरनाईक हे नाव कोल्हापुरातच काय, देशाबाहेरही लोकांना माहीत होतं, कारण 'शहाणी सुई' त्यांची. ती बनवणाऱ्या कंपनीनं तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते फक्त खोक्यावर उरलं. लोकांच्या तोंडी शहाणी सुईच बसलं.

ही सुई काय होती ते सांगायलाच हवं. गालाचा खोलगटपणा भरायला, ओठ फुगवायला, नाक उंच करायला डॉक्टर कातडीखाली एक जेल टोचतात. त्याला फिलर म्हणतात. ज्या पदार्थाचं हे जेल बनतं तो आपल्या त्वचेत मुळातच असतो. पाणी धरून ठेवायचं आणि जागा भरून काढायची हे त्याचं काम. त्यात भिण्यासारखं काही नाही. भीती आहे ती चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची. सुईचं टोक चुकून एखाद्या धमनीत शिरलं आणि जेल तिथं सुटलं, की धमनी तुंबते. पुढच्या कातडीला रक्त मिळत नाही. ती आधी पांढरी पडते, मग जांभळी, आणि वेळेवर काही केलं नाही तर काळी पडून झडते. नाकाजवळच्या धमन्यांची तर आतून डोळ्याच्या धमनीशी सोयरीक. जेल दाबानं उलटं सरकलं तर डोळा जातो, आणि असा गेलेला डोळा क्वचितच परत येतो.

नीलांबरीबाई शिकाऊ डॉक्टर असताना त्यांच्या वॉर्डात अशी एक मुलगी आली होती. कुठल्याशा दुकानवजा दवाखान्यात नाक सरळ करायला गेली आणि भावाचा हात धरून, एक डोळा गमावून घरी परतली. ती घरी गेली त्या दिवशी तरुण नीलांबरी जिन्यात बसून ढसाढसा रडली होती. मग डोळे पुसून कामाला लागली, आणि पुढची कित्येक वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही.

"धमनी कुठे असते ते पुस्तकात दिलंय," त्या म्हणत, "पण चेहरे काही पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत. ज्याची त्याची वाट वेगळी. म्हणून सुईलाच बघता आलं पाहिजे."

आणि त्यांनी सुईला बघायला शिकवलं. पुण्याच्या एका प्रकाशशास्त्रातल्या इंजिनिअरबरोबर खपून त्यांनी सुईच्या पोकळीतून केसाहून बारीक काचेचा तंतू टोकापर्यंत नेला. त्यातून प्रकाश बाहेर पडायचा आणि परत यायचा. स्थिर मांसावरून तो जसाच्या तसा परतायचा. वाहत्या रक्तावरून परतताना त्याच्यात किंचित बदल व्हायचा. हा फरक सुई ओळखायची आणि तत्क्षणी सिरिंजचा दट्ट्या अडकायचा. डॉक्टरनं कितीही जोर लावला तरी जेलचा थेंब सुटायचा नाही. जागा निर्धोक असली तरच हिरवा दिवा लागायचा. पुढे कायदाच झाला, शहाण्या सुईशिवाय फिलर नाही. डोळे जायचे थांबले. एका बाईनं जिद्दीनं एवढं करून दाखवावं, ही साधी गोष्ट नव्हे.

पण भीती गेली की तिच्याबरोबर सावधगिरीही जाते. फिलर म्हणजे भुवया कोरण्याइतकं किरकोळ काम झालं. नवऱ्या मुली मेंदी आणि बांगड्यांच्या मध्ये वेळ काढून नाक-ओठ करून येऊ लागल्या. जेल विरघळवणारं एक एन्झाइम असतं, काही बिघडलंच तर तेच एक औषध. पण ते लागेचना, म्हणून दवाखान्यांनी ठेवायचंही सोडून दिलं. जवळ बाळगणारी एकच बाई उरली, ती म्हणजे सुईची आईच. नीलांबरीबाईंच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण त्या एन्झाइमच्या पुडीच्या कुप्या असत. शिवाय त्यांची एक जुनी सवय होती. टोचून झाल्यावर त्या कातडीवर अंगठा दाबून उचलत. दाबलेली जागा पांढरी होते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. झाली, तर रक्त पोचतंय. दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा अंगठा. कंपनीतले तरुण त्यांना हसत. दुसऱ्या दिवसाची तपासणी सक्तीची करा, असं त्या दर बैठकीत सांगत आणि दर बैठकीत चहा येई.

लग्न महिन्याच्या आत असेल तर त्या कुठल्याही मुलीच्या नाकाला हात लावत नसत. "लग्न होऊ दे, मग ये," असं सांगून पाठवत. लग्नानंतर बहुतेक जणी फिरकतच नसत.

आता अशा बाईला शरयू कुठल्या तोंडानं सांगणार, की काकू, तुमच्या नणंदबाईंना माझं नाक पसंत नाही? तिनं आपल्या मनाशी वेगळाच हिशेब मांडला. सुई काकूंची. म्हणजे सांगलीत टोचली काय नि कोल्हापुरात टोचली काय, हात काकूंचाच. मग भ्यायचं कशाला?

हळदीच्या आदल्या दिवशी, ब्लाउज आणायला म्हणून ती सांगलीला गेली आणि एका चकचकीत दवाखान्याच्या खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता. पहिल्यांदा सुई टेकवली तेव्हा आतून 'कट्' असा बारीक आवाज आला आणि दट्ट्या जागच्या जागी अडकला.

"बघा, धमनी लागली," तो कौतुकानं म्हणाला. "काय शहाणी आहे!"

शरयूला सासूचा असा अभिमान वाटला, की हिची मी सून होणार असं सांगायचं अगदी ओठावर आलं. ते तिनं गिळलं. डॉक्टरनं सुई जराशी सरकवली, हिरवा दिवा लागला, आणि काही मिनिटांत आरशात एक सरळ, रेखीव, नथ पेलणारं नाक उभं राहिलं. खोटं कशाला बोला, ते सुंदर दिसत होतं.

"उद्या दाखवायला यायचं का?" तिनं विचारलं. टँकर तपासण्याची सवय, दुसरं काय.

"कशाला? हिरवा दिवा लागलाय की. उद्या हळदीत नाचा!"

सकाळी नाक जड वाटत होतं. शेंड्याची एक बाजू जरा पांढुरकी दिसत होती, ती शरयूला उजळल्यासारखी वाटली. आई, सुषमाताई, तिच्याकडे एकटक बघत राहिल्या.

"आज किती गोड दिसतीयस गं! काय केलंस?"

"झोप झाली नीट," शरयू म्हणाली.

आईनं चापाची नथ आणली आणि फोटोसाठी म्हणून नाकपुडीवर चढवली. शरयूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आई, चाप सैल कर की."

"अगं, पडेल ती. पहिल्यांदा दुखतंच. मी माझ्या लग्नात दिवसभर रडले होते, लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून!"

सगळ्या हसल्या, शरयूही हसली. दुखतंय ते नथीनं, असं ठरलं. एकदा ठरलं की माणूस पुढचं दुखणं निमूट सोसतो.

दुपार व्हायच्या आत सरनाईकांकडून उष्टी हळद आली. मुलाला लावून उरलेली हळद मुलीला लावायची, ती घेऊन मुलाकडच्या बायका येतात. अग्रभागी अर्थात मालूआत्या. आंब्याच्या पानांनी पाय, गुडघे, खांदे, कपाळ असं रीतसर लावून झालं आणि मग नेहमीसारखा धिंगाणा सुरू झाला. एकीनं गालाला फासली, दुसरीनं हनुवटीला, मालूआत्यांनी तर ओंजळभर घेऊन नाकापासून कानापर्यंत हात फिरवला. वर फोटोचा ड्रोन घोंघावत होता. शरयूचा चेहरा पिवळाधमक झाला. त्या पिवळ्याखाली नाकावर काय चाललंय ते ना आईला दिसत होतं, ना मैत्रिणींना, ना ड्रोनला.

"तेज बघा पोरीच्या तोंडावर!" मालूआत्या म्हणाल्या.

तेज कसलं, ठणका होता. आता तो वरच्या ओठापर्यंत आला होता.

वरमाईनं उष्ट्या हळदीबरोबर यायची पद्धत नव्हती. पण नीलांबरीबाई आल्या. मुलाची हळद आटोपून, पिवळे डाग पडलेल्या सुती साडीत, खांद्याला ती जाडजूड पर्स. "एकच बोट लावून जाते," म्हणत त्या पाटासमोर बसल्या. बोट नाही, अंगठा लावला त्यांनी. सवयच ती. नाकाच्या कडेनं गालापर्यंत त्यांनी अंगठा ओढला आणि तेवढ्या रेषेतली हळद निघून आली.

शरयूनं पाहिलं, काकूंचं हसू थांबलं.

त्यांनी अंगठा पुन्हा टेकवला, दाबला, उचलला. वाट पाहिली. पुन्हा दाबला. भोवतीच्या बायकांना वाटलं, सासू सुनेचं कौतुक करतेय. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकूंचा चेहरा शरयूच्या अगदी जवळ होता आणि आवाज फक्त तिलाच ऐकू येईल एवढा.

"कधी केलंस?"

"काय काकू?"

"शरयू, वेळ नाहीये. कधी?"

"काल," शरयू म्हणाली.

"दुखतंय?"

"नथीमुळे."

"नथ काढ," काकू म्हणाल्या. मग मोठ्यांदा, हसऱ्या आवाजात, "हिला जरा आत नेते हं. डोळ्यात हळद गेलीय!"

मंगल कार्यालयाच्या आतल्या खोलीत त्यांनी दार लावून घेतलं. बरोबर फक्त सुषमाताई. खोबरेल तेलाचा हात फिरवून त्यांनी नाकावरची हळद उतरवली. डाग राहिला, पण त्या फिकट पिवळ्याखाली नाकपुडीपासून ओठाच्या वरपर्यंत जांभळ्या जाळीची नक्षी दिसली.

"डोळ्यांनी नीट दिसतंय? एकेक डोळा झाकून सांग. ही किती बोटं? शाब्बास. मधमाशी चावून कधी सगळं अंग सुजलंय? दम लागलाय? माझ्याकडच्या औषधाचं वावडं नको म्हणून विचारते."

"नाही. पण काकू, दिवा हिरवा होता. तुमच्याच सुईचा."

नीलांबरीबाई पर्समधल्या कुप्या काढता काढता क्षणभर थांबल्या.

"सुई खोटं बोलली नाही, बाळ. जेल धमनीत नाही गेलं, धमनीच्या शेजारी गेलं. तिला तेवढंच बघायला शिकवलंय मी. पण हे जेल पाणी पितं. काल दुपारपासून ते पीत बसलंय आणि फुगलंय. नाकात जागा ती केवढी! कातडी आणि आतलं मऊ हाड, कूर्चा, यांच्या चिमटीत शेजारची धमनी दाबली गेली. वर हा चाप लावला. ज्या वेळी सुई बघत होती त्या वेळी सगळं ठीकच होतं. जे झालं ते नंतर झालं."

या सगळ्यात त्यांचा फोनही चालूच होता. मिरजेच्या एका सहकाऱ्याला सांगून झालं होतं, गरज पडली तर लगेच आणते म्हणून. मुलाला, तन्मयला, औषधाच्या दुकानात पिटाळलं होतं, सलाइन आणि बारीक सुया आणायला. तो बिचारा अंगावरची हळद न धुताच स्कूटर घेऊन सुटला. दुकानदारानं पिवळ्या नवरदेवाकडे बघून काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

"आता ऐक," काकू शरयूसमोर बसल्या. "हे औषध कालचं सगळं विरघळवेल. नाक होतं तसं होईल. पण पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, सूज येईल, काळंनिळं पडेल. उद्या तुझं लग्न आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही."

"आणि नाही लावला तर?"

"तर हा नाकपुडीचा कोपरा राहील का जाईल, मला सांगता येत नाही. परवापर्यंत थांबण्यासारखं हे नाही. संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही."

शरयू आईकडे बघत नव्हती, आरशाकडेही बघत नव्हती. ती काकूंच्या हातांकडे बघत होती. सगळ्या जगाला निर्धास्त करून त्या हातांनी आपली भीती मात्र जपून ठेवली होती, आणि मुलाच्या लग्नात मिरवायचं सोडून ती पर्समध्ये वागवली होती. तिला एकदम रडू फुटलं.

"टोचा," ती म्हणाली.

पूड सलाइनमध्ये विरली. आता सुई साधी होती, जुनी, आंधळी. बघणारी होती ती बाई. टोचायचं, हलक्या बोटांनी चोळायचं, गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं शेकायचं, अंगठा दाबायचा, वाट बघायची. पुन्हा टोचायचं. शरयूनं आईचा हात असा आवळला की सुषमाताईंच्या हिरव्या बांगड्यांपैकी दोन फुटल्या. बाहेर बायका कंटाळल्या. मालूआत्यांनी दार ठोठावलं आणि उत्तर यायच्या आत उघडलंही.

"वहिनी, काय चाललंय काय? अगं बाई! हे काय झालं पोरीच्या नाकाला?"

नीलांबरीबाईंनी मान वर केली नाही. "माझ्या सुईमुळे झालंय, वन्सं. दोष माझा आहे. बाहेर सगळ्यांना तेवढंच सांगा."

मालूआत्यांचा चेहरा असा काही पडला, की शरयूला राहवेना. एवढ्या मोठ्या बाईनं, जिनं असल्या मुलींचे डोळे वाचवले तिनं, आपल्यासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घ्यायचा? ती उठून बसली.

"नाही, आत्या. नाक मीच भरून घेतलं. कुणाला न सांगता, काकूंनासुद्धा. तुमची नथ पेलावी म्हणून. आता काकू ते काढतायत. माझं नाक बसकं आहे, आणि बसकंच राहणार. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या."

मालूआत्या तोंडाला पदर लावून तशाच उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या, आणि बाहेरून त्यांचा तो दोन पंगती पलीकडे जाणारा आवाज आला. "गलका बंद करा गं! आणि त्या आचाऱ्याला सांगा, गरम पाण्याचं पातेलं उतरू नको म्हणावं, संध्याकाळपर्यंत!"

मांडवात ऊन कललं तेव्हा नीलांबरीबाईंनी पुन्हा एकदा अंगठा दाबला आणि उचलला. पांढरा ठसा उमटला. आणि तो विझला. त्याच्या जागी गुलाबी रंग आला, हळूच, पण आला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा आला, या वेळी झटकन.

"आलं गं," त्या म्हणाल्या. "बघ, आलं." आणि इतका वेळ न थांबलेला हात त्यांनी मांडीवर टेकवला. शरयूनं तो धरून ठेवला.

लग्नात नवरीचं नाक सुजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं. टोचलेल्या जागी पावडर लावायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. नथीचा तर प्रश्नच नव्हता. नथीशिवाय नवरी म्हणजे काय, अशी कुजबुज पाहुण्यांत सुरू झालीच होती, तेवढ्यात मालूआत्या स्टेजवर चढल्या. त्यांनी सगळ्यांसमक्ष आपल्या नाकातली मोत्याची नथ काढली, रुमालात गुंडाळली आणि करवलीच्या हातात दिली. मग मोकळ्या नाकानं शरयूच्या मागे उभ्या राहिल्या. अंतरपाट सरेपर्यंत हलल्या नाहीत. कुजबुज तिथंच मिटली.

फोटोवाला म्हणाला, "ताई, नाक मी एका मिनिटात नीट करून देतो, आमचा संगणकच करतो."

"राहू दे तसंच," शरयू म्हणाली. "मला हेच फोटो हवेत."

ते तिला कशासाठी हवे होते, ते पुढच्या महिन्यात पुण्याच्या काचेच्या इमारतीत कळलं. कंपनीच्या लांबलचक टेबलाभोवती नेहमीची माणसं होती, नेहमीचा चहा होता.

"मॅडम, लाखो सुया वापरल्या गेल्या," अधिकारी नीलांबरीबाईंना समजावत होता. "दुसऱ्या दिवशी त्रास झाल्याची आमच्याकडे एकही तक्रार नाही."

"तक्रार करणार कोण?" शरयू म्हणाली. सासूच्या शेजारच्या खुर्चीत ती सून म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून बसली होती. "चोरून करून घेतलेलं कुणी चारचौघांत सांगतं का? मीही सांगितलं नसतं. तुमच्या दृष्टीनं माझं काम हिरव्या दिव्यावर संपलं. आणखी एक दिवस गेला असता, तर कुठल्यातरी गावात एक नवरी बिन-नाकाची झाली असती आणि तुमच्याकडे तरीही तक्रार नसती."

तिनं लग्नाचे फोटो टेबलावर पसरले. अक्षता, हार, मुंडावळ्या, आणि मधोमध ते जांभळं नाक.

"मी दूध तपासते," ती पुढे म्हणाली. "टँकर पास झाला तरी आम्ही त्यातलं बाटलीभर दूध बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो. आल्या वेळी चांगलं असलेलं दूध नंतर नासू शकतं, एवढं आम्हाला कळतं. दुधासाठी आम्ही एवढं करतो. तुमच्या सुईला दुसरा दिवस शिकवा."

चहा तसाच निवला. नीलांबरीबाई सुनेकडे बघत होत्या.

आज मिळते ती शहाणी सुई त्यानंतरची. आदल्या दिवशी टोचलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा तपासून नोंदवल्याशिवाय तिचा नवा डबा उघडतच नाही, आणि प्रत्येक डब्यात त्या पुडीच्या कुप्या असतात. दवाखान्यांच्या भिंतीवर शरयूचा लग्नातला फोटो लागला. नीलांबरीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गावोगावच्या मंगल कार्यालयांत आणि ब्यूटी पार्लरांत स्वतः जाऊन त्यांनी बायकांना शिकवलं, हळद फासायच्या आधी पोरीच्या नाकावर, गालावर अंगठा दाबून बघा. रंग परत आला तरच हळद लावा.

बऱ्याच वर्षांनी शरयू आणि त्या एका दूरच्या नात्यातल्या लग्नाला तासगावच्या बाजूला गेल्या होत्या. मुलगी साधी होती, कॉलेजात शिकणारी, फिलर-बिलरच्या वाटेला न जाणारी. हळदीची ताटं आली. पहिली सवाष्ण पुढे झाली, पण तिनं हळदीत बोट बुडवलं नाही. आधी मुलीच्या नाकावर अंगठा टेकवला, दाबला, उचलला, डोळे बारीक करून क्षणभर बघितलं. मग हसून हळद लावली. दुसरीनंही तसंच केलं. मग तिसरीनं.

"आजी, हे अंगठ्याचं काय असतं?" शरयूनं माहीत नसल्यासारखं करत शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारलं.

"काय म्हंजे? रीत हाय," म्हातारी म्हणाली. "आदी अंगठा, मग हळद. आमच्यात पैल्यापास्नं हाय. आमची आज्जीबी करायची."

शरयूनं सासूकडे पाहिलं. नीलांबरीबाई रांगेत उभ्या होत्या, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हाताचा अंगठा पुसून तयार. कुणी त्यांना ओळखलं नव्हतं.

"तुमच्यात न्हाई व्हय?" म्हातारीनं विचारलं.

"आहे की," शरयू म्हणाली. "आमच्यात आईंनी घालून दिलीय." आणि ती उठून त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली.